भूसंपादनाचा मावेजा आणि आयकर: आधी निवाडा वाचा

मावेजा जमा झाला की गावात दोन गोष्टी ऐकू येतात: ‘शेतीच्या पैशाला टॅक्स नसतो’ आणि ‘कापलेले दहा टक्के गेलेच’. दोन्हींवर विसंबू नका.

आधी भूसंपादन कार्यालयातून निवाड्याची, म्हणजे मावेजा ठरवणाऱ्या आदेशाची, नक्कल आणि आपल्या गटाचा मूल्यांकन तक्ता घ्या. संपादन कोणत्या कायद्याखाली झालं, ते निवाड्यात लिहिलेलं असतं. २०१३ चा भूसंपादन कायदा असेल, तर कलम ९६ प्रमाणे त्या रकमेवर आयकर नाही, जमीन एनए (बिगरशेती) असली तरी. प्रत्यक्ष कर मंडळाचं २५ ऑक्टोबर २०१६ चं परिपत्रक क्र. ३६ हेच सांगतं. त्याची प्रत फाइलला लावून ठेवा.

कायदा दुसरा असेल, तर नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर बघा. हे अंतर रस्त्याचं नव्हे, हवाई धरतात: हिंगोलीसाठी २ किमी, बीड-जालना-लातूरसाठी ६, छत्रपती संभाजीनगरसाठी ८. त्यापलीकडच्या शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा, म्हणजे जमीन देऊन झालेल्या नफ्यावरचा, कर लागत नाही. हद्दीत किंवा या अंतराच्या आत असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १०(३७) उपयोगी पडतं. अट एकच: संपादनाआधीची सलग दोन वर्षं तुम्ही किंवा आई-वडिलांनी ती जमीन कसलेली हवी. इथंच घोळ होतो. ई-पीक पाहणी राहून गेली की रान पिकाखाली असूनही सातबाऱ्यावर ‘पड’ दिसते. मग कारखान्याची ऊसबिलं, आडतीच्या पट्ट्या, पीकविम्याच्या पावत्या कामी येतात. त्या आजच गोळा करा.

व्याजाचा हिशोब वेगळा. तलाव-धरणांच्या जुन्या प्रकरणांत वाढीव मावेज्यापेक्षा व्याजच मोठं होतं: १८९४ च्या कायद्यात पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढं १५. हे व्याज हाती येतं त्याच वर्षी धरतात आणि त्यातली निम्मी रक्कम वजा मिळते. १२ लाख व्याज आलं, तर ६ लाखच करपात्र. १८९४ च्याच कायद्याच्या कलम २८ चं, म्हणजे कोर्टानं वाढवलेल्या रकमेवरचं, व्याज करपात्र धरायचं का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही, म्हणून मूळ रक्कम, कलम २८ चं आणि कलम ३४ चं (मावेजा उशिरा दिल्याचं) व्याज असे तीन आकडे कोर्टाच्या हिशोबपत्रकातून वेगळे काढून घ्या.

सुरुवातीचे ते दहा टक्के म्हणजे टीडीएस, पैसे देतानाच कापलेला कर. शेतजमिनीच्या मावेज्यावर तो कापायचाच नसतो. पैसे निघण्याआधी सातबारा आणि पॅन जोडून तसा लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. तरीही कापला, तर २६एएस (आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता) तपासा, आयटीआर-२ या विवरणपत्रात रक्कम करमुक्त उत्पन्नात दाखवा आणि परतावा मागा. विवरणपत्र भरलंच नाही, तर पैसा सरकारकडेच राहतो.

खरोखर कर लागत असेल, तर पैसे मिळाल्यापासून ६ महिन्यांत भांडवली नफ्यावरचा कर वाचवणारे कलम ५४ईसीचे रोखे घ्या. मर्यादा ५० लाख, ५ वर्षं हात लावता येत नाही.

जमीन सामाईक असेल, तर थोरल्या भावाच्या एकट्याच्या पॅनवर सगळा मावेजा दाखवू देऊ नका. प्रत्येकाचा हिस्सा, पॅन आणि बँक खातं संमतीपत्रातच लिहा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. त्यानंतरच्या रकमांसाठी कलमांचे नवे क्रमांक सीएकडून ताडून घ्या.