रक्तवाढीची गोळी चहासोबत, पाळी लांबवायची गोळी आदल्या दिवशी: या चुका टाळा

तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या तोंडाशी माझं मेडिकल आहे. सोळा वर्षं काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे बायकांच्या खरेदीचा क्रम आता पाठ झालाय. आधी सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, मग मुलाचं खोकल्याचं औषध, मग नवऱ्याची पित्ताची पट्टी. पैसे देऊन पिशवी उचलली की पायरी उतरता उतरता आवाज खाली आणून म्हणतात, "ताई, ती रक्तवाढीची पण द्या. एकच पट्टी."

एका पट्टीत दहा किंवा पंधरा गोळ्या असतात. अंगातलं रक्त खरंच कमी असेल तर एवढ्यात काही होत नाही, आणि त्या दहाही बहुतेक वेळा चुकीच्या घेतल्या जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. हिमोग्लोबिन (एचबी) १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. गरोदर बाईसाठी ही रेघ ११ वर आहे. आमच्याकडे मात्र नऊवालीसुद्धा "जरा कमी आहे" एवढंच सांगते. धाप लागते ती जिन्यामुळे, केस गळतात ते बोअरच्या पाण्यामुळे, आणि पाटीवरची पेन्सिल नाहीतर कच्चे तांदूळ खावेसे वाटतात ती लहानपणापासूनची सवय. यातलं शेवटचं लक्षण ऐकलं की मी लगेच एचबी तपासून यायला सांगते. माती, खडू, बर्फ, तांदूळ असलं खाण्याची ओढ बऱ्याचदा लोह कमी पडल्यामुळेच असते.

आता चहाकडे येते. "गोळी कधी घेता?" असं विचारलं की दहापैकी आठ जणी सांगतात, "सकाळी, चहाबरोबर." चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. दुधातलं कॅल्शियमही आडवं येतं. गोळीतलं बरंचसं लोह मग सरळ संडासात जातं. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी-दूध नको. पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्यासोबत घेतलीत तर उत्तम. आवळा किंवा पेरूही चालतो, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

एकीपेक्षा जास्त गोळ्या चालू असतील तर घोळ आणखी वाढतो. गेल्या महिन्यात एक पस्तिशीची बाई आली. थायरॉईड, कॅल्शियम आणि लोह अशा तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. "विसरायला नको म्हणून" तिन्ही गोळ्या ती सकाळी एकाच घोटात घेत होती. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉईडच्या गोळीला शोषू देत नाहीत, आणि एकमेकांनाही जमू देत नाहीत. मी तिच्या औषधाच्या कागदी पिशवीवरच वेळा लिहून दिल्या. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी थायरॉईडची, साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर बरं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लोह रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. थायरॉईड आणि बाकी दोन यांच्यात किमान चार तासांचं अंतर. तिने वाचलं आणि म्हणाली, "रात्री दोन तासांनी म्हणजे भांडी आवरून झाल्यावर." मी म्हटलं, तसंच लिहा.

पित्ताची गोळी हे याच घरातलं दुसरं दुखणं. डबे भरून होईपर्यंत बाई नुसत्या चहावर असते, मग पित्त खवळतं, मग रोज रिकाम्या पोटी पित्ताची गोळी. पोटातलं आम्ल कमी झालं की लोहाचं शोषणही घटतं. त्यात आठवड्याचे दोन उपवास साबुदाण्यावर काढले तर पोट भरतं, पण साबुदाण्यात पिठूळपणापलीकडे फारसं काही नसतं. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ऐकणारही कुणी नाही. राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी करा, एवढं मात्र सांगते.

मध्येच गोळी सोडण्याची कारणं

मळमळतं, पोट साफ होत नाही, आणि "संडासला काळं होतं, घाबरले मी." लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. (गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं होत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.) मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाचा हट्ट सोडा, रात्री थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण फेकून दिलेल्या पट्टीपेक्षा ते केव्हाही बरं. तरीही सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक डोस घेतला की शरीर पुढचा दिवसभर लोहाचं दार थोडं ओढूनच घेतं, त्यामुळे एक दिवसाआड घेतल्याने वाटतं तेवढं नुकसान होत नाही.

याहून मोठी चूक म्हणजे बरं वाटलं की थांबणं. तीन-चार आठवड्यांत एचबी एखाद्या अंकाने वर येतं, जिना चढताना दम लागत नाही, आणि पट्टी फ्रिजवर पडून राहते. पण रक्तातला आकडा आधी सुधारतो, शरीरातली शिल्लक मागाहून भरते. म्हणून एचबी जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. आणि फ्रिजवरची ती पट्टी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. लाल, साखरेचा लेप असलेली गोळी पोराला चॉकलेटच वाटते, आणि लोहाचा जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो.

अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून आठवड्याला एक लाल गोळी मिळते, त्यावरूनही गैरसमज आहे. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ ही मोहीम २०१८ ची. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रक्त कमी होऊ नये म्हणून ती असते. एचबी नऊ आलंय आणि आठवड्याला एकच गोळी चालू आहे, तर तो उपचार नव्हे. गूळ-शेंगदाणे, खजूर, बीट यांचंही तेच. आवडतात म्हणून जरूर खा. पण बीट लाल असलं तरी त्यात लोह अगदी थोडं, आणि गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम अर्धा मिलिग्रॅम मिळतं. बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. अळिवाचा लाडू त्या मानाने कामाचा, फक्त तो बाळंतिणीपुरताच का ठेवलाय, हे मला अजून कळलेलं नाही.

सगळं नीट घेऊनही आकडा हलत नसेल, तर गोळीची कंपनी बदलून उपयोग नाही. रक्त कुठून जातंय ते बघायला हवं. "माझं असंच जातं, आईचंही असंच होतं," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. तासा-दोन तासाला पॅड भरत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सातच्या वर दिवस चालत असेल, तर ते अंगावर काढू नका. तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. जंत असू शकतात. शाकाहारी घरात बी-१२ कमी असू शकतं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बघायला लागतो. आणि एचबी कायम दहाच्या आसपास अडकून बसलंय, घरात आणखी कुणाचं तसंच आहे, तर थॅलसेमिया मायनर या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाची तपासणी करून घ्या. तो असेल तर पुढच्या बाळाच्या आधी नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. दोघांनाही असेल तर बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक.

गौरी उद्या, गोळी आज

भाद्रपद लागला की माझ्याकडे एका ठरावीक गोळीची विचारणा सुरू होते. पाळीत देवाचं करावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. माझ्या घरी तो केव्हाच निकालात निघालाय. पण आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी धावत येऊन "पाळी लांबवायची द्या" म्हणणाऱ्या बाईला गोळीचा फारसा उपयोग होत नाही. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातलं औषध साधारणपणे पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मध्ये एखादा डोस हुकला की डाग लागतात, आणि मग नेमकं हळदीकुंकवाच्या वेळी सगळं मुसळ केरात.

दुसरा गैरसमज असा की गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत. या पद्धतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक नाही.

तिसरी चूक सगळ्यात वाईट, आणि ती म्हणजे जावेची उरलेली पट्टी वापरणं. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, जवळच्या नात्यात कुणाला झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होत असेल, यकृताचा त्रास किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. गोळी चालू असताना एकाच पोटरीला सूज आणि ठणका आला किंवा अचानक दम लागायला लागला, तर पूजा बाजूला ठेवून दवाखाना. चिठ्ठी नसेल तर मी गोळी देत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. तुटू देत.

बाकीच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. पाळीत पोट दुखतं त्यावरची गोळी दुखणं टोकाला पोचेपर्यंत थांबून घेऊ नका, कळ सुरू होताच दोन घास खाऊन घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर पाळीच्या दुखण्याला पित्ताची जोड. खाज सुटली की सुगंधी वॉश आणि टीव्हीवर दिसणारं मलम विकत घेतात, त्याने बऱ्याचदा त्रास वाढतोच. योनीची आतली बाजू स्वतःची स्वच्छता स्वतः राखते, तिथलं आम्ल चांगल्या जंतूंनी टिकवलेलं असतं. बाहेरून साधं पाणी पुरे. एसटीत लघवीला जायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या मास्तरीणबाई माझ्याकडे वर्षातून तीनदा लघवीच्या जळजळीचं औषध घ्यायला येतात. बस स्थानकावरचं स्वच्छतागृह बघितल्यावर त्यांना दोष तरी कसा द्यावा.

आणि फॉलिक अ‍ॅसिड. ही स्वस्त पट्टी लोक रिपोर्ट हातात आल्यावर मागतात, कधी पेढ्याच्या पुड्यासोबत. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया असलेली नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली हे लक्षात येऊन, चार दिवस वाट पाहून, तपासणी होईपर्यंत ते काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवंय असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करायचं आणि पहिले तीन महिने चालू ठेवायचं. आधीच्या बाळाला कण्याचा दोष होता किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत, अशा बाईला डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच लिहून देतात.