वळीव यायच्या आधी: आजीच्या देखरेखीखालची मे महिन्यातली बेगमी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पावसाळ्याची बेगमी जूनवर ढकलून चालत नाही. ११ मेच्या सुमारास कृत्तिका नक्षत्र लागतं, २५ मेला रोहिणी आणि ७-८ जूनला मिरग. या तिन्हींच्या मधे वळीव कुठल्याही दुपारी कोसळतो. सकाळी कडक ऊन, तीन वाजता पश्चिमेकडं ढग आणि चारला अंगणातलं सगळं भिजलेलं, हे मेच्या उत्तरार्धात नेहमीचंच. तेही गावागणिक बदलतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला उन्हाची कामं १० मेच्या आत उरकलेली बरी. अथणी-रायबागकडं मे अखेरपर्यंत ऊन पुरतं.

म्हणून कामांचा क्रम लावायचा तो उन्हावर. सलग तीन-चार दिवस कडक ऊन मागणारी कामं आधी: कुरडया, सांडगी मिरची, चटणीची मिरची. पापड आणि शेवया एका दिवसाच्या उन्हात किंवा पंख्याखालीही निभतात, त्या नंतर. धान्य, चिंच, वाकळी (गोधड्या), सरपण ही कामं उघडीप मिळेल तशी मधे मधे बसवायची.

दुसरा हिशेब माणसांचा. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, शाळा मे संपता संपताच उघडतात, महाराष्ट्रातल्या मात्र जूनच्या मध्याला. त्यामुळं गडहिंग्लज-कोल्हापूरहून आलेली नातवंडं जूनपर्यंत घरात असतात, पण गावातल्या पोरांचे हात मेअखेर सुटतात. देठ काढणं, लसूण सोलणं, राखण करणं ही पोरांची कामं आहेत. ती त्यांच्या सुट्टीत बसतील अशीच तारीख धरा.

कामाची वाटणीही आधीच ठरवा. आजीनं परातीपुढं तासन्‌तास मांडी घालून बसायचं नाही. तिला चौरंग किंवा खुर्ची द्या, अकरा ते तीन उन्हात जाऊ देऊ नका, आणि हाताचं काम इतरांनी करा. तिच्याकडं ठेवायची ती पारख: चीक शिजला का, मिरची वाळली का, मीठ पुरे का. ती "मूठभर" म्हणाली की तिच्याच हातानं घेतलेली मूठ काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून ठेवा. "चिपटं" किंवा "मापटं" म्हणाली तर घरातलं तेच माप भरून त्याचं वजन करा. पुढच्या वर्षी सुनेला किंवा नातीला एकटीनं करावं लागलं तर हाच कागद उपयोगी पडेल.

कुरडया

कुरडयांची तारीख आधी ठरते, कारण सुरुवात चार दिवस अगोदर होते. ५ मेला घालायच्या असतील तर १ मेला सकाळी गहू भिजत घाला. तीन दिवस भिजले पाहिजेत. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. मेच्या उकाड्यात एकदाच बदललं तर गव्हाला आंबूस वास लागतो, आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी गहू दोन बोटांत दाबला की पांढरं दूध सुटून नुसतं साल हातात राहायला हवं. मग भरपूर पाणी घालून वाटा, पातळ फडक्यातून पिळा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून आणखी दोनदा पिळा, कारण बराच चीक त्यातच अडकून राहतो. हे दूध रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाला घट्ट पांढरा चीक. पाणी अलगद ओतून टाका.

एक वाटी घट्ट चिकाला एक ते सव्वा वाटी पाणी. पाण्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल घालून खळखळून उकळी आणा, आच कमी करा आणि चीक बारीक धारेनं ओता. दुसऱ्यानं त्याच वेळी लाकडी लाटण्यानं एकाच दिशेनं हलवत राहायचं. म्हणून हे काम दोघींचं. घट्ट झालं की झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ द्या. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा झाला, आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की शिजला. इथं घाई केली तर कुरडई वाळल्यावर उचलताच तिचा चुरा होतो.

मीठ कमीच हवं. गरम चीक चाखताना थोडा अळणी लागला तर बरोबर आहे, कारण पाणी उडालं की तेवढ्याच मिठाची चव वाढते. शिवाय जास्त मिठाच्या कुरडया पावसाळी हवेत ओल ओढून घेतात आणि नरम पडतात.

सकाळी आठच्या आत सोऱ्यातून गरम गरम घाला. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, जोर लावला तर तार तुटते. दुपारी उलटा, एकूण तीन दिवस ऊन द्या. घालून झाल्यावर ढग आलेच तर आत आणून पंख्याखाली एकेक सुटी पसरा, एकावर एक रचू नका. आणि घालायच्या दिवशीच आभाळ भरून आलं असेल तर चीक शिजवूच नका. त्यावर ताजं गार पाणी ओतून फ्रीजमध्ये ठेवा, एक दिवस तो टिकतो. कर्नाटकी बेंदूर (बैलांचा सण) आणि वटपौर्णिमा एकाच दिवशी, ज्येष्ठ पौर्णिमेला येतात. पहिला घाणा त्या दिवशीचा, तेव्हा तेवढ्या कुरडया वेगळ्या डब्यात काढून ठेवा.

सांडगी मिरची

यासाठी जाड सालीची, कमी तिखट हिरवी मिरची घ्या. देठ ठेवायचे. एका बाजूनं उभी चीर द्या, टोकापर्यंत नेऊ नका. एक किलो मिरचीला १०० ग्रॅम धणे, २५ ग्रॅम जिरं, १० ग्रॅम मेथी भाजून भरड करा. त्यात हिंग आणि १०० ग्रॅम मीठ मिसळून भरा. भरलेल्या मिरच्या एक लिटर आंबट, घट्ट ताकात दोन रात्री बुडवून ठेवा. मग दिवसभर उन्हात आणि रात्री परत त्याच ताकात, असं ताक संपेपर्यंत चालू ठेवा. बहुधा तीन दिवस लागतात. ताक रोज झाकून, जाळीच्या कपाटात किंवा फ्रीजमध्ये ठेवा. त्यानंतर नुसतं ऊन आणखी तीन-चार दिवस. बाहेरून कुरकुरीत वाटली तरी चिरेच्या आतला भाग दमट असतो. एक मिरची मोडून पाहा, आत मऊ लागली तर अजून वाळवा. डब्यात बुरशी येते ती इथूनच.

वर्षाची चटणी

चटणी म्हणजे वर्षभर पुरणारं मसाल्याचं तिखट. मे महिन्याचं सगळ्यात मोठं काम हेच, आणि बिघडलं तर वर्षभर भोगावं लागतं. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. सुरकुतलेली, गडद लाल, तिखट कमी. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वर तर आपल्याच हुक्केरी तालुक्यातलं. ही मिरची लांब, सडपातळ आणि झणझणीत. नुसत्या ब्याडगीची चटणी रंगाला सुंदर दिसते पण आमटीला तिखटपणा येत नाही. नुसत्या संकेश्वरीची घातली तर तिखट होतं आणि रंग फिका राहतो.

मिरची घेताना मूठभर हातात घेऊन हलवा. बियांचा खुळखुळ आवाज आला तर वाळलेली. वाकवल्यावर न मोडता लवचिक राहिली तर ओलसर आहे: वजनात तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि वाळवायला दोन दिवस जादा लागतात. पांढरे डाग पडलेली, देठाजवळ काळी झालेली बाजूला काढा. देठासकट दोन दिवस ऊन द्या, तिसऱ्या दिवशी देठ काढून पुन्हा थोडं ऊन दाखवा. आधीच देठ काढले तर बिया अंगणात सांडतात. खालचं प्रमाण देठ काढल्यानंतरच्या वजनावर आहे.

एक किलो मिरचीला (६०० ग्रॅम ब्याडगी, ४०० ग्रॅम संकेश्वरी): धणे २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १००, जिरं ५०, खसखस २५, हळकुंड २५, मेथी १०, लवंग, मिरे, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी १०, मसाला वेलची ५, तमालपत्र ५, खडा हिंग १०, कांदे अर्धा किलो, सोललेला लसूण २५० ग्रॅम, कोथिंबिरीची एक जुडी, खडे मीठ २५० ग्रॅम, तेल २०० मिली.

सगळ्यात जास्त चटण्या बिघडतात त्या कांद्यामुळं. कांदा पातळ उभा चिरून दोन दिवस उन्हात वाळवा, कागदासारखा हलका होऊ द्या, मग थोड्या तेलात तांबूस करा. ओला कांदा कितीही तळला तरी आत पाणी राहतं, आणि श्रावणापर्यंत बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी दिसते. उलट फार तळून काळा केला तर सगळी चटणी कडवट. कोथिंबीर धुऊन, पाणी पूर्ण निथळून, सावलीत वाळवा. लसणाला एक दिवसाचं ऊन पुरे, तो भाजायचा नाही.

मसाले वेगवेगळे भाजा. जिरं आणि खसखस क्षणात करपतात, धणे वेळ घेतात. एकत्र टाकले तर एक कच्चं राहतं आणि दुसरं जळतं. हळकुंड आणि हिंग थोड्या तेलात तळून फुलवा. मिरची भाजू नका, कडक ऊन मिळालं असेल तर गरज नाही. भाजताना उठणारा ठसका घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि दम्याच्या माणसांना फार त्रास देतो.

डंकावर (मिरची-मसाला कुटायच्या गिरणीवर) जाताना मिरची, मसाले, कांदा-खोबरं, लसूण आणि मीठ वेगवेगळ्या डब्यांत न्या. आधी मिरची खडे मिठाबरोबर कुटायची. मग मसाले, मग चाळण. चाळणीवर उरलेलं पुन्हा डंकात. त्यानंतर कांदा, खोबरं, तीळ, तेल, आणि अगदी शेवटी लसूण. लसूण आधी घातला तर चाळण चिकटून बसते. तुमच्या आधी कुणाचे धणे किंवा हळद कुटली असेल तर सुरुवातीची मूठ-दोन मुठी वेगळी काढा. मेच्या मध्यात डंकावर रांग असते. सकाळचा पहिला नंबर धरला तर दुपारच्या पावसात डबे घेऊन अडकायची वेळ येत नाही.

कुटलेली चटणी गरम असते. तशीच भरली तर बरणीच्या आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. घरी आल्यावर परातीत किंवा स्वच्छ सुती धोतरावर पसरा, वरून पातळ कापड टाका आणि दुसऱ्या दिवशी भरा. भरण्याआधी आजीला चिमूट द्या. ती बोटांत चोळेल: रंग बोटाला लागून किंचित तेलकट वाटलं तर ठीक, गोळा होऊन तसाच राहिला तर ओल आहे, आणखी एक दिवस पसरून ठेवा. मीठही आत्ताच चाखून घ्या. कमी असेल तर भाजलेलं, गार केलेलं मीठ मिसळता येतं.

चिनीमातीच्या बरणीत थराथरानं दाबून भरा, मधे हवेची पोकळी ठेवू नका. वर हिंगाचे दोन खडे, मग तोंडाला कापडाचा दादरा बांधा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची. रोजच्या वापराला छोटा डबा, आणि चमचा कोरडा.

धान्य, चिंच, वाकळी, शेणी

जोंधळा, गहू, तांदूळ यांना दोन उन्हं द्या, पण कणगीत किंवा पिंपात गरम भरू नका. रात्रभर आत पसरून थंड होऊ द्या. गरम धान्याला झाकणाखाली घाम येतो आणि किडीला तेच हवं असतं. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवूनच घाला. ओला पाला हाच ओलीचं कारण होतो. तूरडाळ, मसूर यांना किलोला एक छोटा चमचा एरंडेल हातानं चोळा. पावट्याला मात्र भुंगा लवकर लागतो. बियाण्याचा पावटा चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून ठेवा. खायचा वेगळा, म्हणजे रोज राख धुवायला नको.

चिंच चिंचोके आणि शिरा काढून, किलोला १०० ग्रॅम मीठ लावून गोळे करा. चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा. ॲल्युमिनियमच्या डब्यात आंबट आणि मीठ मिळून डबा खातात.

वाकळी धुवायचा दिवस पाण्याच्या सोयीनं धरा, पण सकाळीच. जाड वाकळ दोन दिवसांत जेमतेम वाळते. मधल्या थरात ओल राहून घडी घातली तर जुलैमध्ये कुबट वास मारते. कौलं फिरवायचं काम असेल तर ते या सगळ्याच्या आधी. वाळवण अंगणात असताना छपरावरची माती नको.

शेणी (गोवऱ्या) दोन्ही बाजूंनी वाळल्या की त्यांची हुडवी, म्हणजे रचलेला ढीग, करा. तळाला दगड किंवा फळ्या, वर भाताचं पिंजर आणि त्यावर ताडपत्री. मिरगाच्या पहिल्या आठवड्याला लागेल एवढं सरपण आत, चुलीजवळ आणा. बाहेरचा ढीग पहिल्या पावसात थोडा तरी भिजतोच.

लेकींचा वाटा भरताना चटणी जाड डब्यात दाबून भरा आणि झाकणाखाली कागद घाला. कुरडया वर ठेवा, खाली ठेवल्या तर बसच्या प्रवासात मोडतात. प्रत्येक डब्यावर महिना आणि वर्ष लिहा. आषाढात एखादं कोरडं ऊन पडलं तर त्या दिवशी कुरडया, पापड आणि सांडगी मिरची दोन तास बाहेर काढा, गार झाल्यावर परत भरा. चटणीची बरणी मात्र उघडू नका.