पेशी दाबली, कॅल्शियम वाढलं; पण पिएझो उघडलं का? या चुका टाळा

काचेच्या बोथट टोकानं पेशी हलकेच दाबली, कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाची चमक दिसली आणि वहीत नोंद झाली: ‘पिएझो१ उघडलं.’ इथेच थांबा. पिएझो१ म्हणजे पेशीपटलातलं, दाबानं उघडून कॅल्शियमसारखे आयन आत सोडणारं प्रथिन, म्हणजे चॅनेल. दाबलेली पेशी एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) बाहेर सोडते. ते तिच्या स्वतःच्या आणि शेजारच्या पेशींच्या पी२ ग्राहींना (एटीपी ओळखणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं आणि आतल्या साठ्यातलं कॅल्शियम सुटतं. चमक खरी असते, पण ती चॅनेलचीच असेल असं नाही. बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम काढून तोच दाब द्या. चमक तशीच राहिली, तर ते कॅल्शियम साठ्यातलं आहे. एटीपी फोडणारं अपायरेज घालूनही एकदा पाहा. योडा१ (पिएझो१ उघडणारं रसायन) वापरत असाल, तर आधी ते ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ नुसतंच तितक्याच वेगानं सोडा. पिपेटच्या धारेचा जोरही पेशीला जाणवतो.

‘रिकामी’, म्हणजे पिएझो१ नसलेली, पेशी म्हणून साधी एचईके२९३ (प्रयोगशाळेत वाढवली जाणारी मानवी मूत्रपिंडाची पेशी) घेणं ही दुसरी चूक. तिच्यात मूळचंच पिएझो१ असतं. ते जनुक काढून टाकलेल्या एचईके पेशी मिळतात, त्या वापरा. २०१० साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत आर्डेम पातापूतियान आणि बर्ट्रांड कॉस्ट यांनी उंदराच्या न्यूरो२ए पेशींत एकेक जनुक गप्प करत दाब देऊन पाहिला. बहात्तराव्या जनुकाला दाबानं येणारा विद्युतप्रवाह नाहीसा झाला, तेव्हा पिएझो१ सापडलं. मला आजही हाच पुरावा सर्वांत भक्कम वाटतो: जनुक गेलं की प्रवाह जायला हवा.

गॅडोलिनियमनं (चॅनेल अडवणाऱ्या धातूच्या आयननं) काहीच अडलं नाही, तर आधी बफर पाहा. फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट असेल, तर ते साका होऊन तळाशी बसलेलं असतं. त्याऐवजी हेपेस बफर घ्या. शिवाय गॅडोलिनियम ताणानं उघडणारे इतर चॅनेलही अडवतं, त्यामुळे त्यावरून पिएझोचं नाव घेऊ नका.

पॅच क्लॅम्पमध्ये (काचेची बारीक पिपेट पटलाला चिकटवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत) दोन पिपेटांना सारखी ओढ दिली म्हणजे सारखा ताण पडला, असं होत नाही. लाप्लासच्या नियमानुसार पटलावरचा ताण म्हणजे दाब गुणिले वक्रतेची त्रिज्या, भागिले दोन. त्रिज्या मोठी, तर त्याच ओढीत ताण जास्त.

आणि दाब धरून ठेवल्यावर प्रवाह काही दशक मिलिसेकंदांत ओसरला, तर सील (पिपेट आणि पटल यांची घट्ट पकड) सुटलं म्हणून घाबरू नका. पिएझो१ असंच निष्क्रिय होतं. दाब काढल्यावरही प्रवाह मूळ पातळीवर आला नाही, तर मात्र ती गळती असू शकते. ती पेशी सोडून पुढची घ्या.