वीजजोडणी नसलेल्या मुक्कामात फ्रिज कसा चालवावा

मुक्कामाच्या जागी वीजजोडणी नसेल, तर बहुतेक जण विचाराची सुरुवात ‘बॅटरी किती मोठी घ्यावी’ इथून करतात. प्रत्यक्षात सुरुवात फ्रिजपासून करावी लागते, कारण तो दिवसाला किती वीज खातो हे कळल्याशिवाय बॅटरी, सोलर पॅनेल किंवा तार यांपैकी कशाचेच माप ठरवता येत नाही.

१. योग्य प्रकारचा फ्रिज निवडावा

बॅटरीवर चालवायचा असेल तर १२ व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज घ्यावा. स्वस्त मिळणारी थर्मोइलेक्ट्रिक शीतपेटी दिसायला तशीच असली, तरी ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते आणि गरम हवेत ४० ते ५० वॉट जवळजवळ सतत ओढत राहते. म्हणजे ३५ अंशांच्या दुपारी तिच्यातले दूध सुरक्षित राहत नाही आणि बॅटरी मात्र रिकामी होते.

शोषण तत्त्वावर चालणारा, गॅसवरचा फ्रिज हा तिसरा पर्याय आहे. तो आवाज करत नाही आणि गॅसवर अनेक दिवस चालतो. मात्र तो सपाट जागी ठेवावा लागतो आणि १२ व्होल्टवर इतकी वीज घेतो की गाडी चालू असतानाच तो तसा वापरणे परवडते. त्याची ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते, म्हणून असा सुटा फ्रिज तंबूत किंवा बंद गाडीत कधीही पेटवू नये.

२. रोजचा खप वॉट-तासांत काढावा

कॉम्प्रेसर सतत चालत नाही. आतले तापमान वाढले की सुरू होतो आणि उतरले की थांबतो. साधारण ४० लिटरचा फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेत असेल आणि दिवसातून एकूण १० तास चालत असेल, तर त्याचा खप ४५० वॉट-तास होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हेच माप सुमारे ३८ अँपिअर-तास भरते. उकाडा वाढला की कॉम्प्रेसर १५ तासही चालतो आणि खप ६७५ वॉट-तासांवर जातो. माहितीपत्रकातला आकडा बहुधा सौम्य हवामानात मोजलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. बॅटरी आणि फ्रिज यांच्यामध्ये एक साधा वीजमापक जोडून चोवीस तासांचा खप घरीच मोजावा. हिशेब त्याच आकड्यावर करावा.

३. आधी खप कमी करावा

फ्रिज आणि त्यात ठेवायचे पदार्थ निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर थंड करून घ्यावेत, कारण कोमट सामान थंड करण्यात बॅटरीचा मोठा वाटा जातो. फ्रिज रिकामा ठेवू नये; जागा उरली तर पाण्याच्या थंड बाटल्या भराव्यात. तो सावलीत ठेवावा, पण कॉम्प्रेसरची जाळी मोकळी राहील याची काळजी घ्यावी, कारण गरम हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत फ्रिज ठेवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. तापमान ४ अंशांवर ठेवले तर अन्न सुरक्षित राहते. उणे १८ अंशांवर गोठवण्याचा आग्रह धरल्यास खप दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल तर ती हौस सोडून द्यावी.

४. बॅटरीचे माप ठरवावे

बॅटरीवर लिहिलेली सगळी क्षमता वापरता येत नाही. लेड-ॲसिड बॅटरी, मग ती एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेला बंद प्रकार) का असेना, निम्म्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मात्र ८० टक्क्यांपर्यंत निश्चिंतपणे वापरता येते. त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून सुमारे ६०० वॉट-तास मिळतात, तर तेवढ्याच लिथियम बॅटरीतून सुमारे १,०००. वरच्या उदाहरणातला फ्रिज पहिल्या बॅटरीवर सव्वा दिवस आणि दुसरीवर दोन दिवसांहून थोडा अधिक चालेल. लिथियम बॅटरी हलकीही असते. पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, हे थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवू नये. ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू खोलवर रिकामी होण्यासाठी नव्हे; शिवाय सकाळी गाडीच सुरू झाली नाही तर अडचण फ्रिजपुरती राहत नाही. फ्रिजसाठी वेगळी बॅटरी ठेवावी, आणि गाडीची बॅटरी वापरणे अगदीच भाग असेल तर फ्रिजवरील बॅटरी-संरक्षण (व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की फ्रिज बंद करणारी सोय) सर्वांत वरच्या टप्प्यावर लावावे.

५. भरपाईची सोय करावी

दोन दिवसांहून मोठ्या मुक्कामासाठी सोलर पॅनेल सोयीचे ठरते. पॅनेलवरचे वॉट प्रयोगशाळेतले असतात. तापलेल्या पॅनेलची, धुळीची आणि चुकलेल्या कोनाची घट धरून ७० टक्के हाती येतात असे समजावे. दिवसाला साडेचार तास भर उन्हाइतका प्रकाश मिळत असेल, तर २०० वॉटचे पॅनेल सुमारे ६३० वॉट-तास देईल. फ्रिज सावलीत आणि पॅनेल उन्हात हवे असल्याने घडीचे, लांब तारेचे पॅनेल छतावर पक्क्या बसवलेल्या पॅनेलपेक्षा उपयोगी पडते. एका फांदीची सावलीसुद्धा त्याचे उत्पादन बरेच खाली आणू शकते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा त्याची जागा बदलावी. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणारे उपकरण, अवश्य हवा. एमपीपीटी प्रकारचा घेतल्यास तेवढ्याच उन्हातून अधिक वीज मिळते.

रोज गाडी चालणार असेल, तर डीसी-डीसी चार्जर (प्रवाह मर्यादेत ठेवून एका बॅटरीच्या बाजूने दुसरी भरणारे उपकरण) लावून अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या गाडीच्या जनित्रातून, फ्रिजची वेगळी बॅटरी भरता येते. या चार्जरशिवाय लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती अल्टरनेटरवर अति भार टाकू शकते. जनरेटर हा शेवटचा उपाय समजावा: त्याचा आवाज शेजाऱ्यांनाही सोसावा लागतो आणि त्याचा धूर तंबूपासून दूरच असावा लागतो.

६. तार आणि जोडण्या

बॅटरी भरलेली असूनही फ्रिज बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा तारेत असतो. बॅटरीपासून ५ मीटरवरच्या फ्रिजला १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर नेले, तर जाण्या-येण्याच्या १० मीटरमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट गळतात. फ्रिजला बॅटरी उतरल्याचा भास होतो आणि त्याचे संरक्षण त्याला बंद करते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच गळती ०.१५ व्होल्टवर येते. धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, तारेला साजेसा फ्यूज बसवावा. सिगारेट लायटरचे सॉकेट गाडीच्या हादऱ्यांनी सैल होते, म्हणून घट्ट बसणारी जोडणी वापरावी. इन्व्हर्टर लावून फ्रिज घरगुती व्होल्टेजवर चालवू नये. त्यात दहा ते पंधरा टक्के वीज वाया जातेच, शिवाय कॉम्प्रेसर थांबलेला असतानाही इन्व्हर्टर थोडी वीज पीत राहतो.

सगळी जोडणी पूर्ण झाल्यावर कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या प्लगपाशी व्होल्टमीटरने व्होल्टेज मोजावे आणि त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवरही मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास तार बदलून अधिक जाड बसवावी आणि मगच घराबाहेर पडावे.