लिस्प शिकताय? या चुका टाळा

लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेची बदनामी झाली कंसांमुळे, पण कामाचं सॉफ्टवेअर लिहायला बसलेला माणूस कंसांत फारसा अडकत नाही. ईमॅक्स या एडिटरमध्ये पॅरेडिट (कंसांच्या जोड्या सांभाळणारी सोय) चालू केलं की कंस मोजायचे कष्ट संपतात, कोड आपण इंडेंटेशन बघून वाचतो. अडकायच्या जागा वेगळ्याच आहेत. (मी बोलतोय कॉमन लिस्प या बोलीबद्दल, तेही एसबीसीएल हा कंपायलर आणि त्याला ईमॅक्सशी जोडणारं स्लाइम या जोडीबद्दल. क्लोजर या लिस्पच्या दुसऱ्या बोलीवाल्यांनी यातलं अर्धंच घ्यावं.)

माझा एक आख्खा दिवस एका आकड्यापायी गेला. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये कराचा दर डेफव्हारने (व्हेरिएबल जाहीर करायची आज्ञा) १२ ठेवला होता. तो १८ केला, फाइल पुन्हा लोड केली, तरी बिल १२ नेच! मग कळलं, व्हेरिएबलला आधीच किंमत असेल तर डेफव्हार तिला हात लावत नाही. ते मुद्दामच तसं आहे, चालू सिस्टिममध्ये साठलेला डेटा फाइल पुन्हा लोड केल्यावर पुसला जाऊ नये म्हणून. फाइलीतला बदल लगेच लागू व्हायला हवा असेल, तर डेफपॅरामीटर वापरा.

खरी गोम इथेच आहे. लिस्पची प्रोसेस सकाळपासून जिवंत असते, आणि आपण तिला दर वेळी कोऱ्या पाटीवर सुरू होणारी स्क्रिप्ट समजतो. फाइलीतून उडवलेलं फंक्शन त्या प्रोसेसमध्ये ठाण मांडून बसलेलं असतं. फंक्शनचं नाव बदललं आणि एका जागी जुनं राहिलं, तरी तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं, बोंब होते ती सहकाऱ्याच्या मशीनवर. कमिट करण्याआधी एसबीसीएल बंद करा आणि क्विकलिस्प या लायब्ररी मॅनेजरने सगळी सिस्टिम नव्याने लोड करा. मिनिटभराचं काम आहे.

याच्या उलटही होतं. एरर आली, डीबगरची खिडकी उघडली, की नवखा माणूस घाबरून ती बंद करतो. अहो, थांबा! फंक्शन सापडत नाही अशी तक्रार असेल, तर खिडकी तशीच ठेवून ते फंक्शन लिहा, कंपाइल करा आणि यादीतला रीट्रायचा पर्याय निवडा. काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सरकतं. ही सोय वापरायची नसेल, तर लिस्प शिकायचा खटाटोप कशाला?

सॉर्टचा (यादी क्रमाने लावणाऱ्या फंक्शनचा) दगाफटका मात्र प्रत्येकाने एकदा खाल्लेला असतो. ३, १, २ अशी यादी व्हेरिएबलमध्ये ठेवून सॉर्ट केली, उत्तर १, २, ३ आलं. मग व्हेरिएबल बघावं, तर एसबीसीएलमध्ये त्यात फक्त ३ उरलेला. सॉर्ट मूळ यादीचेच दुवे फिरवतं आणि आपलं व्हेरिएबल अजून ३ च्याच कप्प्याकडे बोट दाखवत असतं, तो आता शेपटाला गेलेला. त्यामुळे उत्तर सेटएफने (किंमत ठेवायची आज्ञा) परत व्हेरिएबलमध्ये ठेवा. मूळ यादी हवी असेल, तर आधी कॉपी-लिस्ट.

हॅश टेबलमध्ये (नावावरून नोंद शोधायच्या तक्त्यात) 'पुणे' या नावाने नोंद केली आणि शोधल्यावर निल, म्हणजे काहीच नाही, असं आलं, तर टेबल बनवताना टेस्ट, म्हणजे नावं जुळवायची पद्धत, दिलेली नाही. न सांगता ती ईक्यूएल असते, आणि तिच्या लेखी सारखी अक्षरं असलेल्या दोन वेगळ्या स्ट्रिंग वेगळ्याच. तिथे ईक्वल द्या.

आणि मॅक्रो, म्हणजे कोड तयार करणारा कोड? पहिले काही महिने विसरा. फंक्शनने भागत असेल, तर फंक्शनच लिहा. मॅक्रोला मॅपकारमध्ये (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनमध्ये) पाठवता येत नाही, हे तो लिहून झाल्यावरच आठवतं.