बारावीत डिझाईनची तयारी करताय? कोल्हापूरकर पोरांसाठी थोडं अनुभवाचं

आपल्याकडं एखाद्याचा हात जरा बरा चालायला लागला की गल्लीत त्याला लगेच "पेंटर" म्हणायला सुरुवात होते, आणि तोच बारावीत डिझाईनला जातो म्हणाला की घरात प्रश्न येतो, चित्रं काढून पोट भरतंय व्हय? मला दोन्ही ऐकून झालंय. पण चित्र छान येणं वेगळं आणि डिझाईन जमणं वेगळं, हे जितक्या लवकर डोक्यात बसेल तितकं बरं.

डिझाईनच्या डिग्रीला (बी.डिझ.) जायला आयआयटी मुंबई प्रवेश परीक्षा घेते, ती यूसीड बघा. ३०० मार्कांची, त्यातला २०० चा पार्ट ए कॉम्प्युटरवर असतो, वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, निरीक्षण, लॉजिक असलं सगळं. पार्ट बी म्हणजे कागदावरचं ड्रॉइंग, १०० मार्क, पण तो तपासतात कुणाचा, तर पार्ट ए मधून निवडलेल्यांचाच! म्हणजे शेडिंग कितीही खतरनाक असू दे, आधीचं जमलं नाही तर ते कुणी बघतसुद्धा नाही. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स काही असलं तरी चालतं. एनआयडी म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, तिची परीक्षा वेगळी, दोन टप्प्यांत. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या डिग्रीला जायचं असेल तर राज्याची सीईटी, तिथं मात्र वस्तुचित्र, स्मरणचित्र यावर हात बसलेला लागतो, शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना ते सोपं जातं.

सरावाला क्लासच पाहिजे असं काही नाही. टूथपेस्टचा खोका उलगडून सपाट करा, मग न बघता घडीच्या रेषा काढा. एक कोल्हापुरी चप्पल वरून, बाजूनं, मागून काढा. सीबीएसवर बसून एसटीची वाट बघणारी माणसं भराभर काढा, खोडरबर घरी ठेवून. भवानी मंडपाची कमान पर्स्पेक्टिव्हला एक नंबर.

आता पोर्टफोलिओ, म्हणजे काही डिझाईन कॉलेजं इंटरव्ह्यूला बघतात ती आपल्या कामाची फाईल. इथं बहुतेक पोरं फक्त फायनल चित्रं लावतात आणि इंटरव्ह्यूला "हे असंच का?" विचारलं की गप्प. त्यापेक्षा एक साधं काम घ्या, समजा गल्लीतल्या मिसळवाल्याचा दरफलक. आहे त्याचा फोटो काढा, गिऱ्हाईक काउंटरवर येऊन काय काय विचारतंय ते तासभर उभं राहून लिहा (दरफलक असूनही "मिसळ केवढ्याला?" विचारतात ना, तिथंच तुमचा प्रॉब्लेम सापडला), मग त्यावर छोटे छोटे कच्चे लेआउट, आधी काळ्या-पांढऱ्यात, रंग शेवटी. प्रिंट काढून रस्त्याच्या पलीकडून वाचून बघा. आणि मराठी अक्षरांना दोन ओळींत जरा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, आपल्या चौकातले निम्मे फ्लेक्स बघा, हेच झालेलं असतं. मुक्ता, बालू हे फॉन्ट फुकट मिळतात. सगळी कच्ची पानं जपून ठेवा, खोडलेली पण, इंटरव्ह्यूत त्यावरच बोलणं होतं. आयपॅड नसला तरी काही अडत नाही, २बी-४बी पेन्सिल, काळं पेन, आणि कॉम्प्युटरवर काम करायचंच असेल तर इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

शाहू स्मारकला चित्रप्रदर्शनं लागतात, तिथं जावा. दळवीज किंवा कलानिकेतन या आपल्या आर्ट कॉलेजांची पोरं भेटली तर त्यांच्याशी बोला, बिनधास्त सांगतात. बाबूराव पेंटरांनी सिनेमाची पोस्टरं केली ती याच गावात, त्यामुळं घरी कुणी "आपल्याकडं हे नसतं" म्हणालं तर तेवढं ऐकवा.

वेळेचं गणित जरा बेकार आहे. यूसीड जानेवारीत आणि बोर्ड फेब्रुवारीत, त्यात कॉलेजची प्रिलिम मध्येच येते, म्हणून ड्रॉइंगचं मोठं काम अकरावीच्या सुट्टीतच उरकून घ्या. ओबीसी असाल तर यूसीडला नॉन क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो चालू आर्थिक वर्षातला पाहिजे, तेव्हा तहसीलला अर्ज पावसाळ्यातच टाका, फॉर्म सुटल्यावर धावपळ करू नका.