हायब्रिड गाडी घ्यायची म्हणता? मग ब्रोशर ठेवा बाजूला, आधी आपलं रनिंग काढा

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हातात आले की आपल्याकडे गाडीच्या गोष्टी सुरू होतात, अन् आता ज्याला त्याला हायब्रिडच पाहिजे. "28 चं ॲव्हरेज देते म्हणे बाप्पा!" देते ना, पण कोणाला देते, कुठं देते, अन् त्यासाठी शोरूममध्ये जास्तीचे जे दोन-अडीच लाख मोजता ते परत कधी येतात, हे कोणी विचारत नाही. विचारायचं तेच आहे.

पहिले तं हायब्रिड म्हणजे नेमकं कोणतं हायब्रिड ते समजून घ्या, काऊन की इथंच अर्धे लोक फसतात. एक राहते माइल्ड हायब्रिड. मारुतीच्या ब्रेझा, अर्टिगावर जे स्मार्ट हायब्रिड लिहून येते ते हेच. यात पट्ट्यावर फिरणारी एक छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, बस. ही गाडी नुसत्या बॅटरीवर एक फूटही सरकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे मोठी बॅटरी, चाकं ओढणारी ताकदवान मोटर, हळू चालताना इंजिन बंद अन् गाडी मुकाट्यानं चाललेली. मारुतीची ग्रँड विटारा अन् टोयोटाची हायरायडर, यांची गंमत ही की एकाच नावात दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय सही करू नका. आरसी बुकावरही जाऊ नका, माइल्डवाल्या गाडीच्या आरसीतही इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/हायब्रिड येते. अन् हो, ज्याला त्याला पडणारा प्रश्न, "इले चार्जिंगले लावा लागते का?" नाही लावावं लागत. आपल्याकडच्या नेहमीच्या स्ट्राँग हायब्रिडला प्लगच नसतो, ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद अन् इंजिनची उरलेली ताकद यातूनच बॅटरी भरते.

आता यातच सगळी मेख आहे पहा. ब्रेक मारला, गाडी हळू झाली, पुन्हा उचलली, असं जिथं सारखं चालते तिथं हायब्रिड पैसे वाचवते. नागपुरात सीताबर्डी ते मेडिकल रोज जाणाऱ्यासाठी ही गाडी सोनं आहे. पण तुम्ही जर समृद्धीवर चढून 120 नं सुसाट जाणार असाल तर तिथं ब्रेकच लागत नाही, बॅटरी भरायला काही मिळत नाही, सगळा भार इंजिनवर, मग फायदा पार घटतो. खेड्यातलं आपलं रनिंग या दोन्हीच्या मधलं राहते, गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, रस्त्यात दर गावाला तीन-तीन गतिरोधक, म्हशी आडव्या, कापसाच्या गाड्या, फाटकावर थांबणं. असा रस्ता हायब्रिडला मानवतो खरा. म्हणून गाडी बघायच्या आधी महिनाभर एक वही घाला, रोज किती किलोमीटर अन् कोणत्या रस्त्यावर ते लिहा. अंदाजानं सांगू नका, अंदाजात माणूस नेहमी जास्तच सांगते.

मग हिशोब करा. कंपनीचा आकडा ग्रँड विटाराच्या स्ट्राँगला 27.97 अन् माइल्ड ऑटोमॅटिकला 20.58 असा आहे, पण हे टेस्टमधले आकडे, रस्त्यावर एवढं पडत नाही. समजा आपल्या मिसळ रस्त्यावर स्ट्राँग 22 देते अन् माइल्ड 15, पेट्रोल धरा 105 रुपये. एकाला किलोमीटरमागे 4 रुपये 77 पैसे, दुसऱ्याला 7 रुपये. वाचले 2 रुपये 23 पैसे. दोन्ही गाड्यांच्या ऑनरोड किमतीत अडीच लाखाचा फरक असेल तर तो भरून निघायला जवळपास 1 लाख 12 हजार किलोमीटर लागतात. वर्षाला 25 हजार फिरणाऱ्याला साडेचार वर्षं, 15 हजारवाल्याला साडेसात, अन् ज्याची गाडी लग्नाला, दवाखान्याला अन् पोळ्याला सासुरवाडीलाच निघते, वर्षाचे 8 हजार, त्याला 14 वर्षं. त्यानं कायले घ्यावी? अन् हायवेवरच पळणाऱ्याचं पहा, तिथं समजा 20 विरुद्ध 17, मग वाचतात फक्त 93 पैसे, म्हणजे तोच फरक वसूल व्हायला पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. तुम्ही तुमचे आकडे टाका, माझे नका घेऊ, पण टाका नक्की. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच येते, म्हणून तुलना ऑटोमॅटिकशीच करा. मॅन्युअलशी केली तर हायब्रिड उगाच महाग दिसते, आणि तुम्हाला क्लच दाबायचा कंटाळा नसेल तर मग ती मॅन्युअलच खरी स्पर्धा आहे, तेही खोटं नाही.

यात व्याज कोणी धरतच नाही. वरचे अडीच लाख जर 9 टक्क्यानं पाच वर्षांसाठी कर्जात टाकले तर किस्त 5,200 च्या आसपास वाढते अन् पाच वर्षांत नुसतं व्याज 61 हजाराच्या वर जाते. मग वरचे 1 लाख 12 हजार किलोमीटर सरळ 1 लाख 40 हजारावर गेले. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही किस्त मिळते, कारची किस्त दर महिन्याला, अन् आपल्याकडे पैसा येतो तो दिवाळी ते होळी. जून-जुलैत बियाणं-खताचा खर्च अन् तिकडून बँकेचा मेसेज, ही कसरत ज्यांनी केली त्यांना सांगायची गरज नाही. फरकाची रक्कम रोख भरता येत असेल तरच हायब्रिडचं गणित जमते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बॅटरी. "आठ वर्षानं बॅटरी गेली तं?" हा प्रश्न रास्त आहे. टोयोटा, मारुती अन् होंडा तिघंही स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. ही बॅटरी ईव्हीसारखी मोठी नसते, हायरायडरची एक युनिटही साठवत नाही, 0.76 किलोवॅट-तास एवढीच. अन् ती कधी पूर्ण रिकामी होत नाही की पूर्ण भरत नाही, सिस्टमच तिला मधे ठेवते, म्हणून टिकते. तिला मारते ते ऊन. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला 45 च्या वर सहज जाते, अन् बंद गाडी उन्हात उभी असली की आतलं तापमान विचारूच नका. बऱ्याच गाड्यांत ही बॅटरी केबिनमधलीच हवा ओढून थंड होते. मागच्या सीटजवळ एक जाळी राहते, तिथून. ती जाळी एकदा वाकून पहा, आपल्या रस्त्यावरच्या गाडीत तिथं काळ्या मातीची भुकटी, कपाशीचे तंतू, लेकरांच्या चिप्सचा चुरा, सगळं जमून नमद्यासारखा थर होते, अन् वरून कोणीतरी गोणपाट नाहीतर घोंगडी टाकून ठेवलेली. हवा जाईल कुठून? तिथं सामान लावायचं नाही, दर सर्व्हिसला ती जाळी अन् फिल्टर साफ करायला लावायचा, आपण उभं राहून. अन् गाडीला सावली पाहिजे, टिनाचं शेड चालेल पण चारी बाजूनं हवा खेळती पाहिजे.

उंदीर ही दुसरी भानगड. घराला लागून कुटाराचं कोठार असेल तर गाडी तिथं लावूच नका. साध्या गाडीची वायर तोडली तर गावचा मिस्त्री टेप गुंडाळून देते, हायब्रिडमध्ये नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की तिथं हात लावायचा नाही, त्यात जिवावर बेतेल एवढा करंट राहते. बोनेट उघडून रात्री बल्ब लावा, जाळी बसवा, काय करायचं ते करा.

यावरूनच सगळ्यात मोठा मुद्दा येते, सर्व्हिस सेंटर किती दूर. ॲव्हरेजपेक्षा हे आधी पहा. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी शोरूम आहे हे पुरत नाही. तिथं जाऊन विचारा की हाय व्होल्टेजचं काम करणारा ट्रेनिंग झालेला माणूस इथंच आहे की गाडी नागपूरला पाठवता? बॅटरीचा नाहीतर इन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आला तर पार्ट किती दिवसात येते? दारव्ह्यावरून, नाहीतर उमरखेडवरून टो करून न्यायची गाडी अन् पंधरा दिवस उभी, तर पेट्रोलमध्ये वाचवलेले पैसे तिथंच गेले. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट हे कागदावर पाहून घ्या.

मेंटेनन्स तसा भारी नाही. टोयोटा-मारुतीच्या सिस्टममध्ये क्लचप्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते म्हणून ब्रेकपॅडही जास्त चालतात. खर्च येते तो टायरचा अन् इन्शुरन्सचा. आपल्याकडे गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर टायर किती टिकते तुम्हाला माहीतच आहे.

कोणती घ्यावी म्हणाल तं, पांदणीनं वावरापर्यंत गाडी न्यायची असेल तर होंडा सिटी हायब्रिड विसरा, गाडी चांगली आहे पण ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटर, बैलगाडीच्या चाकोरीत पोट घासते. विटारा-हायरायडर 210 ची, पाच जणांच्या घराला तीच बरी, फक्त डिकी पाहून घ्या, स्ट्राँगमध्ये बॅटरीनं जागा खाल्लेली राहते, खताच्या चार बॅगा टाकायचा विचार असेल तर तो सोडा. 2025 च्या सप्टेंबरात मारुतीची व्हिक्टोरिस आली, तीही याच सिस्टमवर. एकत्र कुटुंब, सात-आठ माणसं, तर इनोव्हा हायक्रॉस किंवा तिचीच बहीण इनव्हिक्टो, 2 लिटर इंजिन, कंपनीचा आकडा 23.24, पण पैसाही तसाच लागते. स्ट्राँगमध्ये चारही चाकं ओढणारी गाडी यातल्या कोणत्याच नावात नाही, पावसाळ्यात काळ्या चिखलात पुढचीच चाकं फिरतील. तिथं ट्रॅक्टरच कामाचा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रोडवर घेऊ नका. तासभर मागा, पाच माणसं बसवा, एसी फुल करा, अन् खऱ्या रस्त्यावर न्या. डॅशबोर्डवर ईव्हीचा दिवा कधी लागते कधी विझते ते पहा. जोरात पाय दिला की विटारा-हायरायडरचं तीन सिलिंडरचं इंजिन चांगलं ओरडते, तो आवाज घरच्यांना चालते का ते तेव्हाच विचारा.

कोटेशनमध्ये काय पाहायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के आहे, आधी सेस धरून 43 होता. ईव्हीला 5 टक्केच. म्हणजे सरकारच्या लेखी ही पेट्रोल गाडीच, "हायब्रिडले सबसिडी आहे भाऊ" म्हणणाऱ्याला लेखी मागा. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून दोन ठिकाणी भाव काढा. पण झिरो डेप (क्लेममध्ये पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारं) अन् पाण्यानं इंजिन-बॅटरी खराब झाली तर भरपाई देणारं कव्हर, हे दोन घ्याच, आपल्याकडे जुलैत नाल्यांना पूर कसा येते ते सांगायला नको. अन् कव्हर आहे म्हणून रपट्यावरून पाणी जात असताना गाडी घालू नका.

सेकंड हँड घेता येते, उलट मला तं तोच सौदा बरा वाटते, काऊन की फरकाचे अडीच लाख पहिल्या मालकानं भरलेले राहतात. एप्रिल 2023 नंतर बनलेली पहा, E20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या हिशोबानं पार्ट असलेल्या गाड्या तेव्हापासूनच्या आहेत. सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीचाच अन् सलग पाहिजे, मधे एखादी सर्व्हिस गल्लीत झाली असेल तर बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू राहते का ते कंपनीकडून लेखी घ्या. हायब्रिड सिस्टमचा हेल्थ रिपोर्ट ऑथराइज्ड सेंटरमध्ये काढता येते, विकणाऱ्यानं नाही म्हटलं तर सौदा तिथंच सोडा. पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण ओढा, खालच्या टोकाला मातीची रेघ दिसते. विकायच्या वेळचंही आताच सांगतो, खेड्यात याला गिऱ्हाईक कमी, गावात अजून बोलेरोलाच भाव, म्हणून नागपूर-अमरावतीचा बाजार धरून चाला.

घेतल्यावर दोन-तीन सवयी. फाटकावर गाडी एन मध्ये टाकून एसी लावून बसू नका, न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही. पी मध्ये ठेवा, लागेल तेव्हा इंजिन आपोआप चालू होते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, गाडीच्या गिअरमध्ये 'B' मोड असेल तर तो लावा, अन् उतारावर बॅटरी भरली की इंजिन एकदम आवाज करते, घाबरू नका, ते गाडी धरून ठेवायसाठीच आहे. पेरणीच्या दिवसात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहत असेल तर मधे एखादवेळी डॅशबोर्डवर READY येईल अशी गाडी सुरू करून अर्धा तास चालू ठेवा, नाहीतर मोठी बॅटरी ठणठणीत अन् 12 व्होल्टची छोटी उतरलेली, गाडीचा दरवाजाही धड उघडत नाही. अन् शेजारी जंपर वायर घेऊन आला, "ट्रॅक्टर चालू करून दे ना भाऊ, दोनच मिनिटं," तर त्याला चहा पाजा, वायर लावू देऊ नका. हायब्रिडची छोटी बॅटरी त्या कामाची नाही.